शेवटचा शिक्का कोणाचा? परदेशातल्या भारतीय दूतावासाच्या सेवांची पारख

परदेशातल्या भारतीय दूतावासाकडे कुठलं काम न्यावं आणि कुठल्या कामापायी तिथे खेटे घालू नयेत, हे ओळखायची एक कसोटी आहे. त्या कामावर शेवटचा शिक्का कोणाचा पडणार? पासपोर्ट, बाळाची जन्मनोंदणी, कुलमुखत्यारपत्र, हयातीचा दाखला यांवर शिक्का भारताचा पडतो. ही कामं दूतावास पूर्ण करून देतो आणि हल्ली बऱ्यापैकी लवकर देतो. थकलेला पगार, पोलीस कोठडी, दवाखान्याचं बिल, उलटून गेलेला व्हिसा यांवर शिक्का त्या देशाचा. इथे दूतावास पत्र लिहितो, चौकशी करतो, पाठपुरावा करतो. निकाल देऊ शकत नाही. सेवांना गुण द्यायचे तर हा फरक धरूनच द्यावे लागतात.

आधी कुठल्या दारात जायचं ते बघा. राजधानीत दूतावास, राष्ट्रकुलातल्या देशांत त्यालाच उच्चायुक्तालय म्हणतात, आणि मोठ्या शहरांत महावाणिज्य दूतावास. प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. न्यू जर्सीत राहणाऱ्याचं काम न्यूयॉर्कला, कॅलिफोर्नियातल्या बे एरियावाल्यांचं सॅन फ्रान्सिस्कोला, टेक्सासचं ह्यूस्टनला. शारजात राहणाऱ्याने अबू धाबीला जायचं नाही, दुबईच्या महावाणिज्य दूतावासाकडे जायचं. हद्द चुकली की अर्ज जसाच्या तसा परत येतो. पासपोर्टचे रोजचे अर्ज बहुतेक देशांत बाहेरच्या कंपनीच्या केंद्रावर घेतले जातात. दूतावासाच्या खिडकीवर थेट जायचं ते मृत्यू, अटक किंवा अगदी तातडीचं काम असेल तेव्हा. पत्ता शोधताना संकेतस्थळाच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे ना, तेवढं पाहा. दूतावासाचा नंबर स्क्रीनवर दाखवून ‘तुमच्या कागदात घोळ आहे, पैसे भरा’ म्हणणारे भामटे आहेत. दूतावास फोनवर पैसे मागत नाही.

आता पहिली सेवा, आणि पर्यटकांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची: पासपोर्ट हरवल्यावर मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट. सगळे त्याला ईसीच म्हणतात. हा भारतात परतण्यापुरता, एकाच प्रवासाचा कागद. क्रम असा. पहिल्यांदा स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची शिक्का मारलेली प्रत. ती थाई, इटालियन किंवा अरबीत असली तरी चालते, पण तक्रार क्रमांक आणि तारीख नीट वाचता यायला हवी. मग ऑनलाइन अर्ज, फोटो, हरवलेल्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत आणि व्हिसाची प्रत. प्रत नसेल तर पासपोर्ट नंबर जुन्या विमान तिकिटात किंवा व्हिसाच्या ईमेलमध्ये सापडतो. नंबर मिळाला की तुम्ही भारतीय आहात याची खातरजमा संगणकावर लवकर होते, आणि ईसी बहुधा एक-दोन कामाच्या दिवसांत हातात पडतं.

लोक अडकतात ते यापुढे. पासपोर्टबरोबर त्या देशात शिरल्याचा शिक्काही गेलेला असतो, आणि तो शिक्का दूतावास देऊ शकत नाही. थायलंडमध्ये ईसी घेऊन बँकॉकच्या चेंग वत्तना भागातल्या इमिग्रेशन कचेरीत जायचं आणि प्रवेशाची नोंद नव्या कागदावर करून घ्यायची. व्हिएतनाममध्ये तिथल्या इमिग्रेशनकडून देश सोडण्याचा वेगळा व्हिसा लागतो. म्हणून ईसी मिळालं त्याच रात्रीचं तिकीट काढू नका. मध्ये कामाचे काही दिवस धरा. तिकीट शक्यतो थेट भारताचं घ्या, कारण मधल्या देशात विमान बदलताना ईसी चालेलच याची खात्री नसते. ईसीवर उरलेली सहल पुरी करता येत नाही. आणि तक्रार केल्यानंतर पासपोर्ट गादीखाली सापडला तरी तो आता रद्द झालेला आहे. तो विमानतळावर दाखवलात तर तिथेच अडवतील.

जो त्या देशात नोकरीला आहे त्याने ईसीच्या वाटेला जाऊ नये. ईसीवर भारतात आलात की नवा पासपोर्ट, मग परतीचा व्हिसा, अशी दोन दारं उघडत बसावं लागतं. त्याने तिथूनच हरवलेल्याच्या जागी नवा पासपोर्ट मागावा. सोबत ‘ॲनेक्शर एफ’ हे प्रतिज्ञापत्र लागतं, शुल्क नेहमीच्या दुप्पट पडतं, आणि भारतातून पोलीस पडताळणीचा अहवाल यायचा असल्याने काही आठवडे जातात. ईसीला आमच्याकडून पूर्ण गुण. हरवलेल्या पासपोर्टच्या वाटेला थोडे कमी, कारण अर्ज नेमका कुठे थांबलाय, दूतावासात की गावच्या पोलीस ठाण्यात, हे अर्जदाराला नीट कळत नाही. अशा वेळी घरच्यांनी गावातल्या ठाण्यात जाऊन चौकशी करावी. पुष्कळदा हवालदार घरी येऊन कुलूप पाहून गेलेला असतो.

साधं नूतनीकरण आता सुरळीत आहे. मुदत संपायला वर्ष राहिलं की अर्ज करता येतो आणि करावाच. सहा महिन्यांच्या आत आलेल्या पासपोर्टवर बरेच देश प्रवेश देत नाहीत. अर्ज परत येतात ते फोटो आणि सहीमुळे. सप्टेंबर 2025 पासून फोटो आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे लागतो: पार्श्वभूमी पांढरी, चौकटीचा 80 ते 85 टक्के भाग चेहऱ्याने भरलेला, कपाळावर केसांची सावली नाही, चष्म्यावर चमक नाही. मोबाइलवर घरच्या भिंतीसमोर काढलेला फोटो बहुधा याच सावलीमुळे बाद होतो. सही चौकटीच्या रेषेला टेकता कामा नये. तान्ह्या बाळाच्या सहीच्या जागी अंगठा, मुलाचा डावा आणि मुलीचा उजवा. तोही चौकटीच्या आतच हवा. बाळ झोपलेलं असताना, शाई अगदी हलकी लावून, आधी कोऱ्या कागदावर दोनदा उठवून पाहिलं की साधतं. शाई जास्त झाली की रेषा दिसतच नाहीत, नुसता काळा ठिपका उमटतो. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांची संमती ‘ॲनेक्शर डी’मध्ये लागते, वेगळे राहणाऱ्या पालकांचे अर्ज इथेच अडून राहतात, आणि त्या वादात दूतावास पडत नाही.

केंद्रावर फोटो काढून देणं, फॉर्म भरून देणं, एसएमएस, आरामदायी बैठक अशा जोडसेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक आहेत. पावतीवर पासपोर्टचं शुल्क, केंद्राचं सेवाशुल्क आणि भारतीय समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम, एवढंच असायला हवं. चौथी ओळ दिसली तर ती कशाची, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता कुलमुखत्यारपत्र. पुण्यातला फ्लॅट, नाशिकचा प्लॉट, रत्नागिरीचं वडिलोपार्जित घर, यांच्यापायी परदेशातला मराठी माणूस सर्वांत जास्त वेळा दूतावासात जातो आणि सर्वांत जास्त फसतोही इथेच. दोष दूतावासाचा क्वचितच असतो. मजकूर बरोबर आहे का हे अधिकारी तपासत नाही. सही तुमची आहे, त्याच्यासमोर केली आहे, एवढंच तो साक्षांकित करतो. चुकीच्या मसुद्यावर अगदी खरा शिक्का बसतो आणि चूक चार महिन्यांनी दुय्यम निबंधकाच्या टेबलावर उघडी पडते.

म्हणून आधी भारतातून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, मागवा आणि मसुदा त्याच्याशी अक्षर-अक्षर जुळवा. गाव, तालुका, सर्व्हे नंबर किंवा शहर भूमापनाचा सीटीएस नंबर, इमारतीचं आणि सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, आणि ते कार्पेट की बिल्टअप. नावंही तशीच. घर माहेरच्या नावावर घेतलेलं आणि पासपोर्टवर सासरचं नाव, असं असेल तर मसुद्यात दोन्ही नावं ‘तीच व्यक्ती’ म्हणून आली पाहिजेत. अधिकारही सुटे सुटे लिहावे लागतात. ‘विकण्याचा अधिकार’ एवढ्याने भागत नाही. करारावर सही करणं, दस्त नोंदणीला हजर करणं, निबंधकासमोर निष्पादनाची, म्हणजे दस्तावर सही केल्याची, कबुली देणं, रक्कम स्वीकारून मालकाच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) भरणं, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि शेअर सर्टिफिकेट, महावितरणचं मीटर, टीडीएसची कागदपत्रं, हे सगळं नावानिशी यायला हवं. ‘कबुली’चा शब्द राहिल्याने परत गेलेले दस्त पुष्कळ आहेत.

दूतावासात जाताना सही करून जायचं नाही. अधिकाऱ्यासमोर, प्रत्येक पानावर, पासपोर्टवरच्यासारखी सही करायची. दोन साक्षीदार ओळखपत्रांसह लागतात. ते पत्र घेणाऱ्याचे नातेवाईक नसलेले बरे. परदेशात राहणाऱ्याने दिलेलं पत्र भारतीय वाणिज्य दूतासमोर झालं असेल तर ते नोंदणी कायद्याच्या कलम 33 खाली चालतं. नोटरीसमोर झालेलंही चालतं. मग त्यावर त्या देशाचं अपोस्टील, म्हणजे हेग करारातल्या देशांत एकमेकांचे कागद खरे धरण्यासाठीचा शिक्का, घ्यायचं. मात्र अपोस्टीलचा रस्ता सगळीकडे नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आहे, कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून आहे. यूएई त्या करारात नाही, आणि जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतली असल्याने तिथलं अपोस्टील भारतासाठी लागू होत नाही. अपोस्टील असलेला कागद नियमाने पुरेसा असूनही काही बँका आणि दुय्यम निबंधक कार्यालयं दूतावासाचाच शिक्का मागतात. ज्या कचेरीत दस्त होणार तिथे आधी विचारून घेतलं तर दोनदा खर्च होत नाही.

कागद महाराष्ट्रात पोहोचला की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे ॲडज्युडिकेशन, म्हणजे शुल्क किती ते ठरवून, करून घ्यायचं. तीन महिने मोजतात ते सहीच्या दिवसापासून नव्हे, कागद राज्यात आल्यापासून, म्हणून कुरिअरचं पाकीट तारखेसह जपून ठेवा. तोच पुरावा. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्या माणसाला मोबदल्याविना दिलेल्या पत्राला शुल्क 500 रुपये. बाहेरच्या माणसाला विक्रीचा अधिकार दिलात तर आकारणी मालमत्तेच्या बाजारभावावर जाते. दस्ताच्या दिवशी मूळ पत्र आणि ‘पत्र देणारा हयात आहे, पत्र रद्द केलेलं नाही’ असं घोषणापत्र लागतं. या सेवेत दूतावासाचं काम चोख. नमुना मसुदे मात्र फारच त्रोटक आहेत. संकेतस्थळावरचा नमुना डाउनलोड करून तसाच भरू नका.

बाळाच्या जन्मनोंदणीत मुदत सांभाळा. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 4 प्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत व्हायला हवी, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण दिल्लीला जातं. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला तिथला पासपोर्ट घेतला तर ही नोंदणी होत नाही. ते कुटुंब ओसीआयकडे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाकडे, वळतं. आखातात बाळाला भारताखेरीज दुसरं नागरिकत्वच नसतं, त्यामुळे तिथे हे काम तातडीचं. यूएईत बाळाचा रहिवास व्हिसा 120 दिवसांत काढावा लागतो, आणि त्याआधी पासपोर्ट हवा. दाखल्यावर नाव लगेच लागतं; बारशापर्यंत थांबून चालत नाही. स्पेलिंग आधी ठरवा, वडिलांचं नाव मधे येणार की नाही तेही ठरवा आणि अरबी दाखल्याच्या इंग्रजी भाषांतरात तेच आलंय का ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा. आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टवर यूएईच्या पर्यटक व्हिसाला अडचण येऊ शकते.

दूतावासाची सगळ्यांत चांगली सेवा कोणती, तर आपलं माणूस परक्या भूमीवर गेलं असताना मिळणारी. आखातातल्या कामाचा क्रम साधारण असा: रुग्णालयाची सूचना, पोलिसांचं ना-हरकत पत्र, मृत्यूचा दाखला, मग दूतावासात मूळ पासपोर्ट रद्द करून मृत्यूची नोंद आणि मृतदेह भारतात नेण्याचं ना-हरकत पत्र. पुढे त्या देशाचा व्हिसा रद्द, एम्बामिंग (देह टिकवण्याची प्रक्रिया), सीलबंद पेटी, विमान कंपनीचं कार्गो. दूतावासाचा टप्पा सुटीच्या दिवशीही उरकून मिळतो. वेळ जातो तो आधीच्या टप्प्यांत. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर पोलीस तपास पूर्ण होईपर्यंत देह मिळत नाही, आणि तिथे शिक्का त्या देशाचाच.

घरच्यांनी भारतात त्याच दिवशी करायचं काम म्हणजे वारसाचं संमतीपत्र: देह आणायचा की तिथेच अंत्यविधी करायचे, आणि तिथे कागद कोण हाताळणार, त्याचं नाव, पासपोर्ट नंबर, फोन. नोटरी करून स्कॅन पाठवायचं. सौदीत हे पत्र नसेल तर काम पुढे सरकतच नाही. सौदीत दहनाला परवानगी नाही. दुबईजवळ जबेल अलीला स्मशानभूमी आहे, तिथे दहन करून अस्थी आणता येतात, सोबत दहनाचा दाखला आणि दूतावासाचं पत्र ठेवायचं. देह आणायचा खर्च मालकाने द्यायचा असतो. तो देत नसेल आणि घरची ऐपत नसेल तर 2009 साली सुरू झालेल्या समुदाय कल्याण निधीतून दूतावास तो उचलू शकतो, पण मागणी लेखी करावी लागते. थकलेला पगार आणि भरपाई वसूल झाली की ती दूतावासामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयातून वारसांना मिळते, म्हणून वारस दाखल्याचं काम लगेच सुरू करा. शिवाय ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणी आवश्यक असा शेरा आहे अशा कामगारांचा प्रवासी भारतीय विमा असतो: दोन वर्षांना 275 किंवा तीन वर्षांना 375 रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यूला 10 लाख रुपये. पुष्कळ घरांना हा विमा काढला होता हेच माहीत नसतं. पॉलिसीचा फोटो जाण्याआधी घरी पाठवून ठेवावा.

पगाराच्या तक्रारीला मात्र मधलेच गुण. कंपनीने पगार थकवला, पासपोर्ट काढून घेतला, सौदीत ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, तर निकाल तिथल्या कामगार खात्याचा किंवा न्यायालयाचा. पहिली तक्रार तिथेच नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन दूतावासात जा. क्रमांक असेल तर कामगार विभागाला पाठपुरावा करायला काहीतरी हाती असतं; नसेल तर मालकाला एक फोन होतो आणि विषय तिथेच थांबतो. कराराची प्रत, इकामा (सौदीचा रहिवास परवाना) किंवा ओळखपत्र, बँकेत शेवटचा पगार जमा झाल्याची नोंद, एवढं बरोबर ठेवा. काही ठिकाणी पॅनेलवरच्या वकिलाचा मोफत सल्ला आणि अडकलेल्यांना तात्पुरता निवारा मिळतो, तोही मागितला तरच.

अटकेतही ‘मागणं’ महत्त्वाचं. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे आपल्या दूतावासाला कळवा असं कैद्याने म्हटलं की पोलिसांनी विनाविलंब कळवायचं असतं. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. तेव्हा ‘इंडियन एम्बसी’ हे दोन शब्द पहिल्या तासातच उच्चारा. अधिकारी भेटायला येतो, घरी कळवतो, वकिलांची यादी देतो, वागणूक नीट आहे का पाहतो. जामीन, सुटका, शिक्षेत सूट त्याच्या हातात नाही. ओसीआय कार्डधारकाला तर यातलं काहीच मागता येत नाही, कारण तो कायद्याने परदेशी नागरिक आहे. त्याच्यासाठी धावायचं ते त्याच्या पासपोर्टच्या देशाने. गोव्यातल्या घरांनीही हे ध्यानात घ्यावं: पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, त्यावर आणखी प्रवास करायचा नाही.

हयातीच्या दाखल्याला फार सांगायला नको. नोव्हेंबरच्या आधी वेळ घ्या, पीपीओ नंबर (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक) आणि पासपोर्ट न्या, बहुतेक ठिकाणी शुल्क नाही.

उरला संपर्क, आणि इथे गुण कापावेच लागतात. फोन वाजत राहतो, साध्या ईमेलला ठरावीक साच्याचं उत्तर येतं. मग फेब्रुवारी 2015 पासून चालू असलेल्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका. तिला क्रमांक मिळतो आणि ती परराष्ट्र मंत्रालयालाही दिसते. भारतातून घरच्यांना 1800 11 3090 या क्रमांकावर बोलता येतं, यूएईत 800 46342. विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी पोहोचल्या आठवड्यात दूतावासाकडे नाव, पत्ता, स्थानिक फोन नोंदवून ठेवावा. 2022 मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’त आणि 2023 मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’त माणसं काढताना कोण कुठे आहे हे कळणं हेच पहिलं काम होतं. सुट्याही पाहून घ्या. कुवेत, कतार, सौदीत शुक्रवार-शनिवार खिडकी बंद असते, आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्टला झेंडावंदनाला दार उघडतं, पण अर्ज घेतले जात नाहीत.

ईमेल लिहाल तेव्हा विषयाच्या ओळीतच नाव, पासपोर्ट नंबर, शहर आणि कामाचं एक वाक्य घाला: ‘मृत्यू, दम्माम, ना-हरकत पत्र हवे’ किंवा ‘पासपोर्ट हरवला, हनोई, तिकीट 14 तारखेचे’. सकाळी शंभर ईमेल उघडणारा कर्मचारी आधी असंच पत्र हातात घेतो.